उडणारी साठवण, टिकणारी साठवण

(उल्हासनगर कॅम्प ४ येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा छापील मजकूर)



विषय जाहीर झाल्यावर संयोजकांपैकी एकांनी मला हळूच विचारलं, "सर, या विषयाला लोक येतील ना?" प्रश्न रास्त होता. दिवसभराची दगदग करून, विठ्ठलवाडीला गर्दीतून उतरून, संगणकाच्या साठवणीवर तासभर ऐकायला कोण येईल? पण मराठा सेक्शन, सुभाष टेकडी, लालचक्कीपासून थेट अंबरनाथ-बदलापूरपर्यंतची माणसं मला समोर दिसतायत. तेव्हा आता जबाबदारी माझी.

एका प्रश्नापासून सुरुवात करतो. या क्षणी, इथली लाइट गेली तर काय काय जाईल? पंखे थांबतील. माइक बंद पडेल, हे काहींना बरंच वाटेल. कार्यालयातल्या संगणकावर कोणी आभाराचा मजकूर टाइप करत बसलं असेल, तर तो अर्धवट मजकूर जाईल. पण त्याच संगणकातला गेल्या वर्षीचा अहवाल जाणार नाही. यंत्र एकच, वीज एकच, दोन्ही मजकूर मराठीतले. मग एक गेला आणि एक राहिला, असं का? आजचं सगळं व्याख्यान या एका 'का'मध्ये आहे.

वीज गेली की जी पुसली जाते तिला मी आज उडणारी साठवण म्हणेन. वीज नसतानाही जी राहते ती टिकणारी साठवण. पुस्तकात जड शब्द आहेत, पण आपण सगळे "डेटा उडाला" असंच म्हणतो, तेव्हा तेच चालवू. चार मुद्दे क्रमाने मांडतो. उडणारी साठवण का उडते, आणि तरी ती का लागते? टिकणारी साठवण खरंच किती टिकते? या दोघींच्या मधल्या फटीत काय होतं? आणि चौथा, या सगळ्याचा आपल्या गावाशी काय संबंध?

माझ्या हातात या दोन पट्ट्या आहेत. मागच्या रांगेला दिसणार नाहीत, म्हणून सांगतो. ही लॅपटॉपची रॅम, म्हणजे उडणारी साठवण, साधारण पावणेसात सेंटिमीटर लांब. ही एसएसडी, म्हणजे टिकणारी, आठ सेंटिमीटर लांब, बोटापेक्षा थोडी रुंद. दोन्हींवर काळ्या चिपा, दोन्हींच्या कडेला सोनेरी दात. न सांगता हातात दिल्या तर पुष्कळ जण ओळखणार नाहीत. पण रॅम काढून खिशात घातली तर खिशात फक्त वस्तू जाते. एसएसडी खिशात घातली तर तिच्याबरोबर तुमच्या मुलीच्या बारशाचे फोटो जातात, दुकानाचा हिशेब जातो, सगळं जातं.

पहिला मुद्दा. रॅममधलं का उडतं?

ही आठ जीबीची पट्टी आहे. हिच्यात सहा हजार आठशे कोटींहून अधिक घरं आहेत. प्रत्येक घरात एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये भार असला तर एक, नसला तर शून्य. ही रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, तिचं पेटंट १९६८ सालचं. रचना इतकी साधी आहे की यापेक्षा कमी सामानात एक बिट ठेवायचा म्हटलं तर कठीण. पण साधेपणाची किंमत मोजावी लागते. तो भार गळतो. वीज गेल्यावर गळतो असं नाही हं, वीज चालू असतानाही गळतच असतो. म्हणून रॅमला सतत स्वतःलाच वाचावं लागतं आणि वाचलेलं पुन्हा लिहावं लागतं. घरांची प्रत्येक ओळ दर ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा ताजी करायची, असा दंडक आहे. म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. तुम्ही लॅपटॉपसमोर गालावर हात ठेवून नुसते विचार करत बसलेले असता, तेव्हाही ही पट्टी हे काम करत असते. चहा प्यायला उठलात तरी करत असते. वीज गेली की हे काम थांबतं. आतलं का उडतं, याचं उत्तर एवढंच.

मग कोणी विचारेल, असली विसराळू वस्तू बनवलीच कशाला? ज्यांना वाटतं की पूर्वी तंत्र मागासलेलं होतं म्हणून स्मृती उडायची आणि आता सुधारेल, त्यांना मी मुंबईचीच गोष्ट सांगतो.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आपल्या टीआयएफआरमध्ये, भारतात बनवलेला पहिला अंकीय संगणक तयार झाला. प्राध्यापक आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या चमूने तो बांधला. १९६० मध्ये तो कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नामकरण केलं, टिफ्रॅक. त्याची मुख्य स्मृती किती होती? २,०४८ शब्द, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. हिशेब केला तर बरोबर दहा किलोबाइट. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा 'सुप्रभात'चा एक फोटो त्यात मावणार नाही. पण ती स्मृती फेराइटच्या बारीक बारीक कड्यांची होती. एका बिटाला एक कडं, आणि कड्यांतून ओवलेल्या तारा. कड्याचं चुंबकत्व एका दिशेचं असलं तर एक, उलट दिशेचं असलं तर शून्य. चुंबकत्वाला टिकून राहायला वीज लागत नाही. म्हणजे काय झालं? ज्याला आज आपण रॅम म्हणतो त्या जागी बसलेली, भारतात बनलेल्या पहिल्या अंकीय संगणकाची स्मृती उडणारी नव्हती!

मग पुढे काय बिनसलं? बिनसलं काहीच नाही. १९७० मध्ये इंटेलने ११०३ नावाची चिप विकायला काढली. एका चिपेत १,०२४ बिट. कडी तारांत ओवत बसायला नको, जागा कमी आणि भाव उतरत जाणारा. काही वर्षांत कड्यांची स्मृती बाजारातून गेली. जगाने विसराळू स्मृती निवडली ती डोळे उघडे ठेवून, स्वस्त आणि दाट म्हणून. टिकाऊपणाचं काम दुसऱ्या कोणावर तरी ढकलू, असा तो व्यवहार होता. गेली पन्नास वर्षं आपण त्याच व्यवहारात आहोत.

आणि वेग? इथे आपल्याच गावातलं एक उदाहरण घेतो. जीन्सच्या कारखान्यात कटिंगचं टेबल असतं आणि माल ठेवायचं गोदाम असतं. कारागिराच्या हाताशी जे टेबलावर आहे त्याच्यावरच काम होतं. गोदाम कितीही मोठं असलं तरी तिथे कापड कापता येत नाही. रॅम म्हणजे टेबल. आता अंतर बघा. रॅममधून एक गोष्ट उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीतून उचलायला त्याच्या हजारपट धरा, आणि फिरत्या हार्ड डिस्कमधून लाखपट. टेबलावरचं कापड उचलायला कारागिराला एक सेकंद लागत असेल, तर एसएसडीच्या गोदामातून आणायला सतराएक मिनिटं लागतील आणि हार्ड डिस्कच्या गोदामातून आणायला एक अख्खा दिवस आणि वर चार तास. कोण चालवेल असा कारखाना? म्हणून टेबल लागतंच.

तेव्हा पहिल्या मुद्द्याचा निकाल असा: उडणारी साठवण हलक्या प्रतीची नाही. सगळं काम तिच्यावरच होतं. फक्त तिच्या भरवशावर रात्री झोपू नये.

दुसरा मुद्दा. टिकणारी साठवण किती टिकते?

हिच्या दोन जाती आपल्या घराघरांत आहेत. एक चुंबकीय, दुसरी फ्लॅश.

चुंबकीय म्हणजे हार्ड डिस्क. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून मावायची फक्त ५० लाख अक्षरं. आजची हार्ड डिस्क तळहातावर मावते, पण तत्त्व तेच. तबकडी फिरते आणि तिच्यापासून काही नॅनोमीटरवर वाचणारं टोक तरंगत असतं. आता इथे एक गंमत बघा, मला स्वतःला ही फार आवडते. अचानक लाइट गेली तर ते टोक तबकडीवर आदळायला नको का? आदळत नाही. वीज गेली तरी तबकडी लगेच थांबत नाही, स्वतःच्या वेगाने फिरत राहते. तेव्हा तिची मोटरच जनित्र बनते, आणि त्या शेवटच्या विजेवर टोक सुरक्षित जागी नेऊन ठेवलं जातं. यंत्राला अखेरच्या क्षणी काय वाचवायचं हे कळतं. आपल्याला कळतं का, ते चौथ्या मुद्द्यात बघू.

दुसरी जात फ्लॅशची. तुमच्या मोबाइलमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये, एसएसडीमध्ये हीच असते. हिचं बीज १९६७ मध्ये बेल लॅब्जमध्ये दावॉन कांग आणि सायमन झी यांनी पेरलं. भोवताली सगळीकडून विद्युतरोधक थर, आणि मधे कशालाही न जोडलेला वाहक. त्यात इलेक्ट्रॉन ढकलले की ते अडकून पडतात. बाहेर यायला वाटच नाही. पुढे जपानमध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी यातून फ्लॅश स्मृती घडवली. १९८४ मध्ये तिची एक जात मांडली, १९८७ मध्ये दुसरी, आणि या दुसऱ्या जातीवर आज आपले मोबाइल चालतात.

इलेक्ट्रॉन अडकून पडतात म्हटलं. कायमचे का? इथेच मेख आहे. तो थर काही नॅनोमीटरच जाड असतो. लिहिताना आणि पुसताना विजेच्या जास्त दाबाने इलेक्ट्रॉन त्यातूनच आत-बाहेर ढकलावे लागतात. असं काही हजार वेळा केलं की थर झिजतो. झिजलेल्या थरातून इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात. शिवाय जागा वाचवायची म्हणून आता एका घरात तीन-तीन, चार-चार बिट कोंबतात. तीन बिट म्हणजे भाराच्या आठ पायऱ्या, चार बिट म्हणजे सोळा. पायऱ्या जितक्या जवळ, तितकी थोडी गळतीही चुकीचं वाचायला पुरे.

या धंद्यातली मानकं ठरवणारी जेडेक नावाची संस्था आहे. घरगुती एसएसडीबद्दल तिची अपेक्षा काय? ड्राइव्ह ठरलेल्या मर्यादेपर्यंत वापरून झिजलेला असेल, तर वीज न देता ३० अंश तापमानात त्याने एक वर्ष डेटा धरून ठेवावा. फक्त एक वर्ष! नवा ड्राइव्ह याहून पुष्कळ जास्त टिकतो, घाबरून घरी जाऊ नका. पण तापमान वाढलं की गळती वाढते. आता आठवा, जुना ड्राइव्ह आपण कुठे ठेवतो? माळ्यावर, पत्र्याखाली, ट्रंकेत. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याखाली काय तापतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणून दुसऱ्या मुद्द्याचा निकाल: टिकणारी साठवणही गळतेच. रॅम मिलिसेकंदांत गळते, फ्लॅश वर्षांत. फरक मुदतीचा आहे. आणि रॅमची काळजी घ्यायला यंत्र जागं असतं, माळ्यावरच्या पेन ड्राइव्हची काळजी घ्यायला कोणीच जागं नसतं.

(इथे सभागृहातून एकांनी विचारलं की वेग आणि टिकाऊपणा हे दोन्ही गुण असलेली वस्तू का बनवत नाहीत. बनवली होती. इंटेल आणि मायक्रॉन यांनी २०१५ मध्ये तशी स्मृती जाहीर केली, २०१७ पासून ती ऑप्टेन या नावाने विकली गेली. रॅमपेक्षा सावकाश, एसएसडीपेक्षा महाग. २०२२ मध्ये इंटेलने तो धंदा गुंडाळला. बाजाराने पुन्हा जुनाच व्यवहार पसंत केला.)

तिसरा मुद्दा. दोघींच्या मधली फट.

डोळ्यांसमोर आणा. महिन्याची वीस तारीख, जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातलं एक दुकान, मागे काचेची केबिन. हिशेबाला बसलेली मुलगी सकाळपासून टॅली या सॉफ्टवेअरमध्ये खरेदीची बिलं चढवते आहे. हातातलं बिल लांबलचक आहे: प्लायवूड, सनमायका, बिजागऱ्या, कड्या, फेविकॉल, पॉलिश. शेवटच्या दोन ओळी राहिल्यात आणि लाइट जाते. यूपीएसची बॅटरी मालकांनी कित्येक दिवसांत बदललेली नाही. यूपीएस दोनदा पिक-पिक करतो आणि पडदा काळा होतो.

लाइट आल्यावर काय दिसतं? सकाळपासूनची सगळी व्हाउचरं जागच्या जागी. फक्त ते एक बिल नाही, कारण तिने अजून 'अ‍ॅक्सेप्ट' केलेलं नव्हतं. ते टेबलावर होतं, गोदामात गेलेलं नव्हतं. हे नुकसान दहा मिनिटांचं. पण ऐन 'अ‍ॅक्सेप्ट'च्या क्षणी लाइट गेली असती तर? अर्धी नोंद डिस्कवर लिहिलेली, अर्धी रॅममध्ये. उद्या कंपनी उघडायला गेलं की टॅली रुसून बसते, मग डेटा 'रीराइट' करा, मग मागचा बॅकअप शोधा, मग कळतं की बॅकअप दिवाळीतला आहे. इथे बसलेल्या हिशेबनिसांच्या चेहऱ्यावरून मला कळतंय की हे नवीन नाही.

खरा धोका या फटीत असतो. पेन ड्राइव्हवर फाइल कॉपी केली, पट्टा पूर्ण भरला, संगणक म्हणाला झालं. झालं असेलच असं नाही. वेग दाखवण्यासाठी संगणक पुष्कळदा मजकूर आधी रॅममध्ये घेतो आणि सवडीने खाली उतरवतो. पेन ड्राइव्ह काढण्याआधी 'इजेक्ट' करा म्हणतात ते यासाठी. लॅपटॉप नुसता झोपवला तर सगळं रॅममध्येच राहतं आणि थोडी वीज जळत राहते. 'हायबरनेट' केला तर रॅममधलं डिस्कवर उतरतं, मग बॅटरी काढली तरी चालते. बटणं शेजारी शेजारी, पण अर्थात केवढं अंतर!

मग बँका काय करतात? २०१६ मध्ये यूपीआय आलं. आता भाजीवाल्या मावशींच्या गाडीवरही कोड लटकलेला असतो, आणि त्यांच्या डब्यातून आवाज येतो, "वीस रुपये प्राप्त झाले." त्या क्षणी बँकेच्या संगणकाची वीज गेली तर ते वीस रुपये उडतील का? उडत नाहीत. बँकांचे डेटाबेस एक नियम पाळतात: व्यवहार टिकणाऱ्या साठवणीत नोंदवला गेल्याखेरीज "झाला" म्हणायचं नाही. आधी नोंद, मग होकार. आपल्या बाजारातल्या जुन्या व्यापाऱ्यांनाही हा नियम पाठ होता. आधी लिही, मग दे. संगणकशास्त्राने तो नियम गणिताच्या काटेकोरपणाने बसवला, इतकंच.

या फटीची दुसरी बाजूही आहे. जे गेलं असं आपल्याला वाटतं ते पुष्कळदा गेलेलं नसतं. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की वीज काढल्यावरही रॅममधला मजकूर काही सेकंद रेंगाळतो, आणि चिप खूप थंड केली तर कित्येक मिनिटं. कुलपांच्या किल्ल्या, म्हणजे सांकेतिक केलेला मजकूर उलगडणारे आकडे, त्यातून काढता येतात. आणि टिकणाऱ्या साठवणीचं तर काय विचारता! फाइल 'डिलीट' केली म्हणजे बहुतेकदा तिचं नाव यादीतून खोडलं गेलं. मजकूर तिथेच, वरून नवीन काही लिहिलं जाईपर्यंत. जुना मोबाइल किंवा संगणक विकताना नुसते फोटो पुसून देऊ नका. मोबाइलला पासवर्ड असू द्या, साठवण सांकेतिक करून ठेवा आणि मग पूर्ण 'फॅक्टरी रीसेट' करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात अर्धवाहक स्मृतीचा, म्हणजे सेमिकंडक्टर मेमरीचा, स्पष्ट उल्लेख आहे. चिपेतला मजकूर आता कोर्टात पुरावा म्हणून उभा राहतो. तेव्हा काय ठेवायचं हे जसं ठरवायचं, तसं काय पुसायचं हेही ठरवायला शिका.

चौथा आणि शेवटचा मुद्दा. आपलं गाव.

आपण जिथे बसलोय ते शहर मुळात कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिथल्या बराकींत उतरली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. घरदार टाकून आलेल्यांसाठी १९५० मध्ये मालमत्तेच्या दाव्यांचा कायदा झाला, १९५४ मध्ये नुकसानभरपाईचा. विचार करा, मागे राहिलेल्या घराचा, शेताचा दावा कशावर मांडायचा? ज्याने निघताना कागद बरोबर घेतला, त्याच्या बोलण्याला आधार होता. ज्याचं सगळं फक्त डोक्यात होतं, त्याला साक्षीदार धुंडाळावे लागणार. या शहराला कागदाची किंमत कोणी शिकवायला नको. म्हणून तर इथे घराघरांत खोलीच्या कागदांची पिशवी असते आणि ती कुठे आहे हे घरातल्या एकाच माणसाला माहीत असतं!

पण कागद काय आणि डिस्क काय, ठेवली कुठे याला महत्त्व आहे. २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्याकडे उल्हास आणि वालधुनी या नद्या पात्र सोडून वर आल्या. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, सगळीकडे पाणी. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेसच पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. अशा पाण्यात तळमजल्यावरच्या संगणकाचं काय होतं? टेबलाखालच्या डब्यातली हार्ड डिस्क गाळात जाते. कपाटाच्या खालच्या खणातली बॅकअपची डिस्कही गाळात जाते. दोन प्रती होत्या, दोन्ही एकाच पाण्यात गेल्या. म्हणजे खरं तर एकच प्रत होती. तीच गोष्ट आगीची. २१ जून २०१२ ला मंत्रालयाचे वरचे मजले जळाले आणि फायली जळाल्या. राज्याचं मुख्यालय सुटलं नाही, तिथे आपण कोण?

वीज गेली तरी टिकणारं पाण्यात टिकेलच असं नाही. आणि समजा पाण्यातून, आगीतून वाचलं, तरी ते वाचता येईल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. १९९० च्या दशकात आपल्या मंडळांच्या स्मरणिका, शाळांचे अहवाल, पतसंस्थांचे ठराव मराठीत टाइप होऊ लागले. कशात? श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये. प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. आज ती फाइल उघडा. फाइल शाबूत आहे, एक बिटही हललेला नाही, आणि पडद्यावर दिसतात इंग्रजी अक्षरं आणि कंस आणि टिंबं. फॉन्ट नसला की मजकूर मुका. शिवाय त्यातलं पुष्कळसं फ्लॉपीवर होतं. सोनीने २०११ मध्ये जपानमध्ये फ्लॉपी विकणं बंद केलं. लग्नाच्या सीडी घरोघर आहेत, पण सीडी घालायला खाच असलेला लॅपटॉप तुमच्यापैकी किती जणांकडे आहे? हात वर करा. बघा, मोजके.

तंत्र नवीन म्हणून असं होतं, असंही समजू नका. इथून जवळच अंबरनाथचं शिवमंदिर आहे. शिलाहारांच्या काळातलं. तिथल्या शिलालेखाला ना वीज लागते ना फॉन्ट. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या थोर विद्वानाने त्यातला शक वाचला तो ७८२. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असा वाचला, आणि आज तोच मानला जातो. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६०. एक आकडा वेगळा वाचला गेला, आणि मंदिर दोनशे वर्षांनी मागे-पुढे झालं! दगडासारखी टिकणारी साठवण दुसरी नाही. तिलाही पुन्हा पुन्हा वाचणारा, तपासणारा माणूस लागला.

आता गोषवारा सांगतो.

रॅममधलं उडतं, कारण भार गळतो. ते वेगासाठी आणि किमतीसाठी आपण पत्करलं आहे. डिस्क आणि फ्लॅश वीज नसताना टिकतात, पण मुदतीपुरत्या. नुकसान बहुतेकदा दोघींच्या मधल्या फटीत होतं, म्हणून यंत्र "झालं" म्हणालं की कुठे झालं हे विचारायचं. आणि वीज, पाणी, आग यांतून वाचलेलंही वाचता आलं नाही तर गेल्यातच जमा. रॅमला सेकंदाला पंधरा वेळा ताजं करणारं यंत्र आहे. बाकी सगळ्या साठवणींना ताजं करणारा माणूस लागतो. कोणतीही साठवण आपोआप टिकत नाही, हे मला आज सांगायचं होतं.

म्हणून उपदेश न करता चार कामं सांगतो. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साठवणींवर, आणि त्यांतली एक उल्हास-वालधुनीच्या पुराच्या पाण्याबाहेर: दुसऱ्या गावातल्या बहिणीकडे, नाहीतर इंटरनेटवर. यूपीएसची बॅटरी बदला, ती डिस्कपेक्षा स्वस्त असते. मंडळाच्या, शाळेच्या, पतसंस्थेच्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये उतरवून घ्या, आणि हे काम गावातल्या संगणक शिकणाऱ्या मुलांना द्या. ती आनंदाने करतील, आणि वाचता वाचता त्यांना गावाचा इतिहासही कळेल. आणि चौथं काम आज रात्रीच करता येण्यासारखं आहे. घरी गेल्यावर जेवणं उरकली की कपाटातली जुनी हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह काढा, संगणकाला जोडा आणि उघडते का बघा. उघडली तर लगेच दुसरी प्रत करा. नाही उघडली तर निदान आज कळलं, आणखी पाच वर्षांनी कळण्यापेक्षा ते बरं.